संपाच्या दारातून आत जावे काय?



काही दिवसांपूर्वी शब्बाथची प्रार्थना आटोपून आम्ही सिनेगॉगच्या अंगणात उभे होतो. तेव्हा आपल्या समाजातील एक तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, एक विचारू का? जवळच्या एका कारखान्यात संप चालू आहे. कामगार गेटवर बसले आहेत. एका कंत्राटदाराने मला बोलावले आहे, दीडपट रोज देतो म्हणतो. मी तिथला नोकर नाही, त्यांच्या युनियनचा सभासद नाही. घराचे हप्ते थकले आहेत. त्यांच्या मधून आत गेलो तर पाप लागेल काय?"

मी म्हटले, "बाळा, आज शब्बाथ आहे, पगाराच्या गोष्टी आज नकोत. हवदाला झाली की घरी ये." त्याप्रमाणे तो आला आणि आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत पुस्तके उघडून बसलो. त्यात जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो. हा प्रश्न आज त्याचा आहे, उद्या तो आपल्यापैकी कोणाच्याही घरी येईल.

१. काम थांबविण्याचा हक्क

हिब्रू भाषेत संपाला 'श्वीता' म्हणतात. 'शब्बाथ' आणि 'श्वीता' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. थांबणे, काम बंद ठेवणे हा त्याचा अर्थ. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणजे आपली ओळखच मुळी काम थांबविण्यावरून झाली. अर्थात शब्बाथ आणि संप या दोन गोष्टी एक नव्हेत. पण माणूस हा कामाला जुंपलेला बैल नाही, हा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

तालमुदात बावा मेत्सिया, पान १० येथे राव यांचे मत दिले आहे की रोजंदारीवरील मजूर दिवसाच्या मध्यावरही काम सोडू शकतो. त्याला आधार लेवीय २५:५५ या वचनाचा. इस्राएलपुत्र हे परमेश्वराचे सेवक आहेत, म्हणून त्यांना सेवकांचे सेवक करता येत नाही, असा अर्थ हाखामांनी त्यातून काढला.

परंतु याच मसेखेतच्या सहाव्या अध्यायात मिश्ना एक मर्यादाही घालते. भिजत घातलेला ताग वेळेवर बाहेर काढला नाही तर कुजतो. लग्नाला किंवा अंत्ययात्रेला ठरविलेले बासरीवाले ऐन वेळी आणले नाहीत तर ती वेळ परत येत नाही. अशा कामात मजुरांनी मध्येच माघार घेतली आणि दुसरे कोणी मिळण्यासारखे नसले, तर मालकाला त्यांच्या खर्चाने जादा मजुरी देऊन माणसे लावता येतात. जे नुकसान भरून निघत नाही, त्याला तालमूद वेगळा नियम लावतो. मग जेथे माणसाच्या प्राणाचा प्रश्न आहे, तेथे तर बोलायलाच नको. १९८३ साली इस्राएलात डॉक्टरांचा संप कित्येक महिने चालला, तेव्हा हाच प्रश्न घरोघरी चर्चिला गेला होता.

२. एकट्याचा शब्द आणि सर्वांचा शब्द

बावा बाथ्रा, पान ८ येथे म्हटले आहे की गावातील लोकांना बाजारभाव, वजनेमापे आणि मजुरांची मजुरी ठरविण्याचा अधिकार आहे आणि जो ठराव मोडील त्याला दंड करण्याचाही अधिकार आहे. पुढच्याच पानावर खाटकांची गोष्ट आहे. दोन खाटकांनी आपसात दिवस वाटून घेतले. दुसऱ्याच्या दिवशी जो जनावर कापील, त्या जनावराचे चामडे फाडून टाकावे असे ठरले. एकाने करार मोडला, तेव्हा त्याचे चामडे फाडले गेले. प्रकरण रावा यांच्यापुढे गेले. त्यांनी चामडे फाडणाऱ्यांना भरपाई द्यायला लावली. गावाच्या ठरावाचा नियम पुढे करून कोणी आक्षेप घेतला, तेव्हा राव पापा यांनी खुलासा केला: जेथे गावात कोणी मान्यवर, जाणता माणूस आहे, तेथे त्याच्या संमतीवाचून केलेला असा ठराव टिकत नाही.

यातून दोन धडे मिळतात. एक, कामकऱ्यांनी एकत्र येऊन केलेला ठराव हा पोरखेळ नव्हे, तो धर्मशास्त्राने मानलेला ठराव आहे. दोन, तो ठराव न्यायाच्या चौकटीत असला पाहिजे आणि निःपक्षपाती माणसापुढे ठेवण्याची तयारी असली पाहिजे. कामकऱ्यांनी ही तयारी ठेवावी, तशीच मालकानेही ठेवावी.

३. दुसऱ्याच्या भाकरीवर हात

आपला तरुण म्हणत होता, "मी त्यांच्या ठरावात नव्हतो, मग मला त्याचे बंधन कसले?" हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर किद्दूशीन, पान ५९ येथे सापडते. एक गरीब माणूस भाकरी मिळविण्याची खटपट करीत आहे. ती त्याच्या हाती पडणार, इतक्यात दुसरा येऊन ती उचलतो. त्या दुसऱ्याला तालमूद 'राशा', म्हणजे दुष्ट म्हणतो. त्या भाकरीवर गरिबाचा मालकीहक्क अजून झालेला नव्हता, तरीसुद्धा!

याच जागी तोसाफोथ या टीकेत एका शिक्षकाचे उदाहरण दिले आहे. एखाद्या घरी एक शिक्षक नोकरीस असताना दुसऱ्या शिक्षकाने त्या घरी नोकरी धरू नये, त्याने दुसरीकडे जावे. मात्र घरमालकानेच आपला शिक्षक ठेवायचा नाही असे सांगितले, तर गोष्ट वेगळी.

आता विचार करा. संपावर गेलेल्या माणसाने नोकरी सोडली आहे काय? नाही. तो गेटवर बसला आहे तो आत जाण्यासाठीच, फक्त योग्य मजुरीवर. त्याची जागा रिकामी नाही. "मालकच म्हणतो की जुने नकोत" असा युक्तिवाद कोणी करील. पण मागणी केली एवढ्याच कारणासाठी मालक त्यांना नको म्हणत असेल, तर ज्या माणसाच्या येण्यामुळे मालकाला तसे म्हणता येते, तो मी होऊ नये.

४. अलेक्झांड्रियाचे कारागीर

येथे एक अडचण आहे, ती लपविणे बरे नाही. योमा, पान ३८ येथे गार्मू घराण्याची हकीकत आहे. बेथ हमिकदाशात ठेवण्याच्या लेहेम हापानीम या भाकरी हे घराणे भाजत असे आणि ती कला ते कोणालाही शिकवीत नसे. तेव्हा हाखामांनी मिसरातील अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले. म्हणजे हाखामांनीच बदली माणसे आणली! मग आपण का जाऊ नये?

हकीकत पुढे वाचावी. नव्या कारागिरांना भाकरी भाजता आल्या, पण भट्टीतून गार्मूंसारख्या काढता येईनात, आणि त्यांच्या भाकरींना बुरशी येऊ लागली. हाखामांनी गार्मूंना बोलावणे पाठविले, ते आले नाहीत. मजुरी दुप्पट केली, तेव्हा आले. रोजचे १२ माने होते, ते २४ झाले. रब्बी यहूदा यांच्या मते २४ चे ४८ झाले. सुगंधी धूप करणाऱ्या आव्तीनास घराण्याचेही तसेच घडले.

हे भांडण मजुरीचे नव्हते, विद्या दडवून ठेवण्याचे होते, आणि मिश्नेने या घराण्यांना दोषही दिला आहे. शिवाय देवाची सेवा एक दिवसही थांबविता येत नव्हती. त्यामुळे या गोष्टीचा आधार घेऊन कोणत्याही मालकाने बाहेरची माणसे आणावीत असे म्हणता येत नाही. उलट शेवटी काय झाले ते पाहावे. ज्यांचे काम त्यांनाच परत बोलवावे लागले, तेही वाढीव मजुरी देऊन.

५. अलीकडचे रब्बी

आधुनिक काळात थोर रब्बींनी या प्रश्नाचा विचार केला आहे. रब्बी आव्राहाम यित्झाक कूक यांनी असे मत दिले की मालक न्यायासाठी बेथ दीनपुढे यायला तयार नसेल, तर त्याला तेथे आणण्यासाठी कामगारांनी संप करणे योग्य आहे. सफारदी मुख्य रब्बी बेन-झियोन उझियेल यांनी कामगारांच्या संघटनेला धर्मशास्त्राची मान्यता आहे असे दाखविले. अमेरिकेतील रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनीही संघटना आणि संप मान्य केले आणि संपवाल्यांच्या जागी दुसऱ्यांनी कामाला जाऊ नये असा कौल दिला, कारण त्यामुळे दुसऱ्याची उपजीविका तुटते.

६. उपाशी माणसाचे काय?

एवढे वाचून झाल्यावर तरुण म्हणाला, "अंकल, पुस्तकात ठीक आहे. पण हप्ता कोण भरणार?" तेव्हा मी त्याला माझ्या पप्पांची गोष्ट सांगितली.

पप्पा मुंबईच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पप्पाही पडले. आईचे दागिने गेले, मग भांडी गेली. आमच्या चाळीत एक बदली कामगार राहत असे. त्याला महिन्यातून काही दिवसच काम मिळे, कायम तो कधीच झाला नाही. पावसाळ्यात तो पोलीस बंदोबस्तातल्या ट्रकमधून आत गेला. त्या दिवसापासून पप्पांनी त्याच्याशी बोलणे टाकले. पुढे आम्ही इस्राएलला यायला निघालो, तेव्हा तोच माणूस आमची ट्रंक खांद्यावर घेऊन जिना उतरला. पप्पा तेव्हाही बोलले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी पप्पा मला म्हणाले, "तो आत गेला हे चुकलेच. पण त्याच्या घरी पीठ आहे का, हे मी त्याला एकदाही विचारले नाही. आम्ही संप ठरविला तेव्हा बदलीवाल्यांना कोणी विचारले होते?"

तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. हजारो घरे उद्ध्वस्त झाली. पप्पांची नोकरी परत मिळाली नाही. पण त्यांना खंत राहिली ती नोकरीची नव्हे, त्या न विचारलेल्या प्रश्नाची.

७. तात्पर्य

(१) प्रामाणिक मागणीसाठी, न्यायाची तयारी ठेवून चाललेल्या संपात दुसऱ्याच्या जागेवर कामाला जाऊ नये. त्याची जागा रिकामी नाही.

(२) प्राण वाचविण्याचे काम थांबविता येत नाही. दवाखान्यात रोग्याजवळ जाणारा माणूस संपफोड्या नव्हे.

(३) आत जाणाऱ्याला मारणे, त्याच्या बायकामुलांना त्रास देणे हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. खाटकांनी चामडे फाडले, तेही संमतीवाचून होते म्हणून त्यांना भरपाई द्यावी लागली. येथे तर माणसाच्या अंगाला हात लावण्याची गोष्ट आहे.

(४) संप ठरविणाऱ्यांनी सर्वात दुबळ्याला, म्हणजे हंगामी आणि कंत्राटी माणसाला आधी विचारावे आणि संपाच्या मदतीत त्याचा वाटा ठेवावा. ज्याला ठरावात घेतले नाही, त्याला ठराव मोडला म्हणून दोष देणे सोपे आहे, पण ते पुरे नाही.

(५) आपण शेजारी असू तर "जाऊ नकोस" एवढेच सांगून थांबू नये. अनुवाद २४:१५ प्रमाणे गरिबाची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यायची, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. हे मालकाला सांगितले आहे खरे, पण गरिबाचा जीव कशात अडकला आहे हे ओळखण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे.

तो तरुण त्या कारखान्यात गेला नाही. दुसऱ्याच दिवशी आमच्यापैकी तिघांनी मिळून त्याच्या एका हप्त्याची सोय केली, ती देणगी म्हणून नव्हे, उसने म्हणून. दुसरे काम मिळाल्यावर तो ते फेडीत आहे. "जाऊ नकोस" हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगितले असते, जर आम्ही एवढेही केले नसते?

वाचकांनी या शब्बाथला जेवणाच्या टेबलावर मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा, आणि त्यांचे उत्तर ऐकून घेतल्यावर मगच आपले सांगावे.

शलोम.