आधी ब्रेक, मग इंजीन
जुनी व्हॅन पुन्हा चालू करण्याविषयी एक अभ्यासपाठ



मंडळीच्या, शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या आवारात झाडाखाली उभी असलेली एखादी जुनी मारुती व्हॅन आपण पाहिली असेल. टायर बसलेले, काचेवर पालापाचोळा, बॅटरी कोणीतरी काढून नेलेली. एके काळी हिनेच वृद्धांना उपासनेला आणले आणि आजाऱ्यांना दवाखान्यात पोहोचवले. मग एखाद्या बैठकीत कोणीतरी म्हणते, "हिला पुन्हा चालू करू या." नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या मंडळीला हा विचार रास्तच वाटतो. परंतु पुष्कळदा काम उलट्या टोकाने सुरू होते. नवी बॅटरी आणली जाते, चावी फिरवली जाते, इंजीन धडधडले की सर्वांना आनंद होतो, आणि त्याच रविवारी माणसे बसवून गाडी रस्त्यावर येते. ब्रेकचा रबरी पाइप मात्र आतून कुजलेलाच असतो.

गाडी चालू होणे आणि गाडी माणसे नेण्यास योग्य होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे कामाचा क्रम ठरवणे कठीण नाही. जे जीव राखते ते आधी, जे गाडी पळवते ते नंतर. याच क्रमाने आपण पुढे जाऊ.

१. गाडीची ओळख

मारुती व्हॅन १९८४ साली बाजारात आली. १९८८ साली तिला 'ओम्नी' हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ सीसी क्षमतेचे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजीन पुढच्या आसनांखाली असते व ते मागची चाके फिरवते. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर आहे. पुढील काळातील गाड्यांत इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. हा पाठ कार्ब्युरेटरच्या गाडीविषयी आहे. १९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेल्या मारुती ८०० मध्येही याच जातीचे इंजीन होते. म्हणून इंजिनाचे पुष्कळ सुटे भाग आजही मिळतात.

२. पाहणी आणि हिशेब

यरुशलेमेचा तट बांधायला घेण्यापूर्वी नहेम्याने रात्री फिरून पडझडीची पाहणी केली आणि मगच लोकांपुढे गोष्ट काढली. पाहणी आधी, घोषणा नंतर, हा क्रम येथेही उपयोगी आहे.

प्रथम गाडीखाली पाहावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. मजबूत स्टँड लावूनच शिरावे. तळाचा पत्रा, चाकांचे आधार जेथे जोडले आहेत त्या जागा आणि दारांखालचे उंबरे स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहावेत. जेथे चाकांचा किंवा आसनांचा भार येतो तेथेच पत्रा भोसकला जात असेल, तर इतर काही तपासण्यापूर्वी थांबावे. अशा सांगाड्यावर रंग चढवणे म्हणजे धोका झाकणे होय. सरकारच्या २०२१ च्या धोरणानुसार जुनी वाहने रीतसर मोडीत काढणारी नोंदणीकृत केंद्रे आहेत. तेथे गाडी देऊन प्रमाणपत्र घेणे हाही सन्माननीय निर्णय आहे.

त्यानंतर कागदपत्रे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये व पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये पुष्कळ वाढले. म्हणून आपल्या परिवहन कार्यालयात चौकशी करूनच हिशेब मांडावा. दिल्ली व तिच्या परिसरातील वाचकांनी तर ही चौकशी सर्वांत आधी करावी, कारण तेथे जुन्या वाहनांवर कडक निर्बंध आलेले आहेत. नोंदणीपुस्तकात एखाद्या दिवंगत व्यक्तीचे किंवा जुन्या संस्थेचे नाव असेल, तर ते नीट होईपर्यंत एक स्क्रूही विकत घेऊ नये. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दाखला आपण जाणतोच.

३. नसलेल्या भागांची यादी

बंद गाडीतून भाग हळूहळू नाहीसे होतात. प्रथम बॅटरी व सुटे चाक, मग कार्ब्युरेटर, अल्टर्नेटर, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण, एअर क्लीनर, रेडिएटरची टोपी. म्हणून एका वहीत तीन रकाने आखावेत: 'नाही', 'आहे पण निकामी', आणि 'आहे व चांगले'. इंजीन, गिअर, ब्रेक, विजेची जोडणी व सांगाडा अशा क्रमाने प्रत्येक भाग पाहून नोंद करावी. लहान वस्तू विसरू नयेत. एखादी क्लिप किंवा वॉशर नसल्यामुळेही इंधनाची नळी निसटू शकते.

भाग आणताना गाडीचे उत्पादनवर्ष व चासी क्रमांक सोबत न्यावा आणि शक्य तेथे भागाच्या क्रमांकावरून मागणी करावी. 'दिसायला तसाच' एवढे पुरेसे नाही. पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना जुन्या हस्तलिखितातील गळालेल्या शब्दाच्या जागी जवळचा वाटणारा कोणताही शब्द बसवता येत नाही; मागचे-पुढचे वाक्य ज्याला साक्ष देते तोच शब्द घ्यावा लागतो. सुट्या भागाचेही तसेच आहे. मारुती ८०० चा कार्ब्युरेटर ओम्नीवर कदाचित बसेलही, परंतु तारा, नळ्या व जेट जुळतात की नाही हे पाहिल्याखेरीज तो घेऊ नये.

मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी, कोलकात्यातील मलिक बाजार, चेन्नईतील पुदुपेट या ठिकाणी जुन्या भागांचे मोठे बाजार आहेत. तेथे प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत. तरीही पावतीशिवाय भाग घेऊ नये. फार स्वस्त मिळालेला कार्ब्युरेटर दुसऱ्या कोणाच्या गाडीतून चोरलेला असेल, तर आपल्या सेवेच्या गाडीत आपण चोरीचा माल बसवला असे होईल. ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे सांधे व टायर मात्र जुने घेऊच नयेत.

४. ब्रेक आणि टायर

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावरची प्रमाणित मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर असे ऑईल उकळले की वाफ होते, आणि पेडल सरळ तळाला जाते. शिवाय त्याच ओलाव्याने मास्टर सिलिंडर व चाकांतील सिलिंडर आतून गंजतात. म्हणून केवळ ऑईल भरून भागणार नाही. रबरी पाइप नवे घालावेत, सिलिंडर उघडून रबरे बदलावीत, गंज असेल तर सिलिंडरच बदलावा, आणि शेवटी चारही चाकांतून हवा काढावी. हँडब्रेकची तार जाम झाली असेल तर तीही बदलावी.

टायरच्या बाजूला चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेल्या टायरवर माणसे नेऊ नयेत.

५. इंजीन जागे करणे

आता इंजीन. घाईने सेल्फ मारू नये. तिन्ही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजीन ऑईल सोडून रात्रभर राहू द्यावे. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजीन हाताने सावकाश फिरवावे. फिरत नसेल तर जोर करू नये, मिस्त्रीला दाखवावे. फिरले, तर ऑईल व फिल्टर बदलावा, टायमिंग बेल्ट नवा घालावा आणि रेडिएटर धुऊन नवे कूलंट भरावे.

टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण काढावे. ते चिकट होते व कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाडीतील रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून इंधनाच्या सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्यावा. पूर्वी गॅसवर चालवलेली गाडी असेल तर ते सामान अधिकृत केंद्रात तपासून किंवा काढून घ्यावे. घरगुती सिलिंडर गाडीत कधीही जोडू नये.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बॅटरी जोडण्यापूर्वीच दुरुस्त कराव्यात. मग प्लग न लावता थोडा सेल्फ मारावा आणि ऑईलचा दिवा विझेपर्यंत वाट पाहावी. या वेळी प्लगच्या वायरी व पेट्रोल दूर ठेवावे. त्यानंतर प्लग लावावेत. ठिणगीचा क्रम १-३-२ असा आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या वायरी उलटसुलट झाल्या तर इंजीन नीट चालणार नाही. अग्निशामक जवळ ठेवावा आणि इंजीन मोकळ्या हवेतच चालू करावे, कारण बंद जागेतील धूर प्राणघातक असतो. चालू इंजिनावर बॅटरीचा दाब साधारण १४ व्होल्ट दिसला तर अल्टर्नेटर काम करीत आहे.

६. रस्त्यावर येण्यापूर्वी

पहिली फेरी आवारातच, रिकाम्या गाडीने व चालण्याच्या वेगाने घ्यावी. दहा वेळा ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का ते पाहावे, मग खाली वाकून गळती शोधावी. त्यानंतर रीतसर तपासणी, नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र घ्यावे. हे सर्व हाती आल्यावरच गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यावी, आणि काही दिवस एकट्या चालकाने चालवल्यावरच माणसे बसवावीत. या गाडीत चालकाच्या पुढे इंजिनाचा आडोसा नाही, हे विसरू नये. वेग बेताचा ठेवावा आणि नोंदणीत लिहिली आहेत तेवढीच माणसे न्यावीत. मागच्या आसनावर बसणारी आजी ब्रेक तपासून बसत नाही. तिचा भरवसा आपल्या कामावर असतो.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या आवारातील गाडीची नोंदणी आज कोणाच्या नावावर आहे?
२. तळाचा पत्रा कुजलेला आढळला, तर 'हिला मोडीत काढू या' असे बैठकीत कोण सांगेल?
३. निधी अपुरा पडला, तर यादीतील कोणती कामे कधीही पुढे ढकलता येणार नाहीत?
४. गाडी पुन्हा उभी राहू नये म्हणून दर आठवड्याला ती तपासण्याची जबाबदारी कोणावर सोपवाल?