वाटाड्या

समुद्रमार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला किनारा दिसतो. परंतु किनाऱ्यामागचा देश दिसत नाही. माडांची रांग, एखादे दीपगृह आणि दूरवरचे निळसर डोंगर एवढेच त्याच्या दृष्टीस पडते. त्या डोंगरांच्या पायथ्याशी माणसे कशी राहतात, काय पिकवतात आणि कशाचा अभिमान बाळगतात, हे जाणायचे असेल तर त्याला जहाजातून उतरावे लागते. उतरल्यावर गरज भासते ती जाणत्या वाटाड्याची.

स्कॉटलंडच्या उत्तर भागात इन्व्हरगॉर्डन नावाचे बंदर आहे. समुद्रपर्यटनाला निघालेली मोठमोठी जहाजे तेथे दिवसभर थांबतात. काही प्रवासी स्थानिक वाटाड्याची गाडी ठरवून आतल्या मुलखात जातात. वाटाड्या त्यांना नेस सरोवर दाखवतो, मेंढ्यांची कुरणे दाखवतो आणि कलोडनच्या माळावरही नेतो. या माळावर १६ एप्रिल १७४६ रोजी राजपुत्र चार्ल्सच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. चांगला वाटाड्या हा पराभव लपवीत नाही. स्कॉटिश माणसे त्या दिवशी दोन्ही बाजूंनी लढली, हेही तो सांगतो. मात्र त्याची एक नजर घड्याळाकडे असते. कारण जहाज उशिरा येणाऱ्यासाठी खोळंबून राहत नाही.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यालाही एके काळी मुंबईहून निघालेल्या आगबोटी लागत. मालवणला आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू लहान होड्यांतून किनाऱ्यावर येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. पुढे तीही कायमची थांबली. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि पाहुणे डोंगराच्या बाजूने येऊ लागले. वाटा बदलल्या, तरी वाटाड्याचे काम बदलले नाही.

अशाच एका दिवसाच्या पाहुण्याला एखादा मसुऱ्याचा तरुण कसा फिरवील, ते पाहू.

सकाळी समुद्र शांत असताना तो पाहुण्याला होडीने सिंधुदुर्गावर नेईल. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला. तेथे तटबंदीइतक्याच कौतुकाने तो तीन विहिरी दाखवील : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाव म्हणजे विहीर. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! पाहुणा थक्क होईल.

मग गाडी मसुऱ्याच्या वाटेला लागेल. जांभ्या दगडाचे गडगे, भाताचे कुणगे आणि माडा-पोफळींच्या बागा मागे टाकीत ती गड नदीकाठच्या या गावी येईल. गावाच्या माथ्यावर भरतगड उभा आहे. त्याची चढण चढून वर गेले की खाली नदीचे पात्र दिसते आणि पलीकडच्या तीरावर भगवंतगडाची टेकडी दिसते.

येथे पाहुणा सहज विचारील, “हा किल्लाही महाराजांनीच बांधला ना?”

हा क्षण वाटाड्याच्या कसोटीचा असतो. ‘होय’ म्हटले तर पाहुणा खूश होईल आणि गावाचा मानही वाढल्यासारखा वाटेल. खरे-खोटे तपासायला कोण येणार? परंतु तो तरुण म्हणेल, “नाही साहेब. महाराज इथे आले होते, असे सांगतात. पण डोंगरावर पाणी नाही, हे पाहून त्यांनी बेत सोडला.”

१८८० सालच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरात ही हकीकत आली आहे. त्यानुसार महाराज १६७० साली या टेकडीची पाहणी करण्यास आले होते. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी खडक फोडून विहीर खणली, तिला पाणी लागले आणि १७०१ साली किल्ला पुरा झाला.

पाहुण्याला हे उत्तर ऐकून निराशा वाटणार नाही. सकाळच्या तीन विहिरी त्याला आठवतील. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, हा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आला आहे. सिंधुदुर्ग बांधण्यात महाराजांची जिद्द दिसते; तर ही टेकडी सोडून देण्यात त्यांचा विवेक दिसतो. खोटे उत्तर दिले असते, तर पाहुणा आणखी एक किल्ला पाहून परतला असता. खऱ्या उत्तरामुळे त्याला एका थोर पुरुषाचे शहाणपण कळले आणि खडक फोडणाऱ्या हातांचे कष्टही कळले.

उतरताना एखाद्या घरी गूळ-पाणी पुढे येईल. ओसरीवर थोडा वेळ बसणे होईल. आणखी पुष्कळ पाहण्यासारखे असेल; परंतु परतीची वेळ सांभाळून वाटाड्या उठेल. थोडे दाखवावे, पण खरे दाखवावे, आणि पाहुण्याला वेळेवर पोहोचवावे, हाच त्याचा धर्म.

पाहुणा पुन्हा येईलच असे नाही. मसुरे म्हणून तो जे काही सोबत नेईल, ते त्या तरुणाच्या शब्दांतूनच नेईल. म्हणून आपल्या गावाची खरी माहिती प्रत्येकाने करून घ्यावी. वाट विचारणारा कधी दारी येईल, हे सांगता येत नाही.

स्वाध्याय
१. भरतगडावर पाहुण्याने विचारलेला प्रश्न वाटाड्याच्या कसोटीचा का होता?
२. महाराजांची जिद्द आणि विवेक कोणत्या दोन गोष्टींतून दिसतात?
३. तुमच्या गावी एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला तुम्ही काय दाखवाल, ते दहा ओळींत लिहा.