विजेची मोटार आणि विरळ वस्तीचा देश

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी आपल्या व्यापारी बांधवांत अलीकडे बरीच चर्चा होते. त्या चर्चेत एक आक्षेप हमखास निघतो. अशी मोटार शहरात ठीक. परंतु जेथे शेकडो किलोमीटर मनुष्यवस्ती नाही, अशा विशाल देशात ती काय कामाची? हा आक्षेप पारखून पाहण्यास ऑस्ट्रेलियासारखे दुसरे उदाहरण नाही.

त्या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास. दर चौरस किलोमीटरमागे चार माणसेही भरत नाहीत. एवढे वाचून पुष्कळांचा निर्णय होऊन जातो. परंतु सरासरी ही फसवी असते, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. एका पोत्यात उत्तम गहू आणि दुसऱ्यात किडका गहू असता, दोहोंची सरासरी काढून भाव बांधणाऱ्या अडत्याची पेढी फार दिवस चालत नाही.

ऑस्ट्रेलियातील माणसे देशभर सारखी पसरलेली नाहीत. शंभरांतील ऐंशीहून अधिक लोक समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहतात. सिडनी व मेलबर्न या दोन शहरांतच प्रत्येकी ५० लाखांहून अधिक वस्ती आहे. तेथील सरकारी पाहणीनुसार २०२० साली खाजगी मोटारीची वर्षाची धाव सरासरी ११ हजार किलोमीटरांच्या घरात होती. म्हणजे दिवसाला सुमारे ३० किलोमीटर. आजच्या पुष्कळशा विजेच्या मोटारी एकदा भरलेल्या बॅटरीवर ३०० ते ५०० किलोमीटर जातात. शिवाय त्या देशात ४० लाखांहून अधिक घरांच्या छपरांवर सौर वीज निर्माण होते, आणि पेट्रोल-डिझेल मात्र बहुतांशी परदेशातून आणावे लागते. तेव्हा देश मोठा असला तरी तेथील बहुसंख्य कुटुंबांचा रोजचा प्रवास लहानच आहे, आणि त्यांना ही मोटार सोयीची आहे.

आता लांबच्या वाटेचा विचार करू. दक्षिणेकडील नलारबॉरच्या वैराण पठारावरून जाणारा, नॉर्समन ते सेडूना हा रस्ता सुमारे १,२०० किलोमीटरांचा आहे. त्यात एके ठिकाणी १४६ किलोमीटरपर्यंत एकही वळण नाही. पेट्रोल, जेवण व मुक्काम यांची ठाणी कोठे कोठे १८० किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहेत. तेथे उन्हाळ्यात गाडी बंद पडणे म्हणजे प्राणाशी गाठ. कायगुना येथील ठाण्यावर २०२२ साली एका निवृत्त अभियंत्याने तळणीच्या वापरलेल्या तेलावर वीज निर्माण करून मोटारी भरण्याची सोय केली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही उत्तरेस कनुनरापासून दक्षिणेस एस्परन्सपर्यंत ४९ ठिकाणी चार्जिंगची केंद्रे उभारली.

येथे व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा मुद्दा निघतो. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या येणाऱ्या केंद्रात गुंतविलेल्या भांडवलाचे व्याजही सुटणे कठीण. नफ्याच्या हिशेबाने तेथे कोणी दुकान मांडणार नाही. आपल्याकडे आडवाटेवरच्या पाणपोया व धर्मशाळा विक्रीच्या आशेने बांधल्या गेल्या नाहीत. त्या वाटसरूसाठी कोणी तरी पदरमोड करून बांधल्या. विरळ वस्तीच्या देशात विजेची मोटार चालणे हे बॅटरीपेक्षाही अशा पदरमोडीवर अवलंबून आहे.

तरीही तिच्या मर्यादा झाकून ठेवणे बरे नव्हे. मागे जड गाडा जोडला की तिचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो. २०१९ च्या निवडणुकीत तेथे याच गोष्टीवरून मोठा वाद माजला होता. उत्तरेकडे अनेक डबे जोडलेले, ५३ मीटरपर्यंत लांबीचे मालट्रक चालतात. ते आजही मुख्यतः डिझेलवरच अवलंबून आहेत. अ‍ॅना क्रीक हे गुरांचे कुरण एवढे मोठे आहे की, त्यात आपल्या गोव्यासारखी चार राज्ये मावतील. तेथील गुराख्यास आज विजेची गाडी घेण्याचा आग्रह करणे अन्यायाचे होईल. २०२४ साली त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी विजेच्या मोटारी शंभरात दहाहून कमीच होत्या.

सारांश, प्रश्न देशाच्या विस्ताराचा नसून माणसाच्या रोजच्या वाटेचा आहे. वर्षातून एकदा भरणाऱ्या जत्रेच्या मानाने कोणी बारमाही वखार बांधीत नाही. जत्रेपुरती जागा भाड्याने घेतो. ज्याची रोजची वाट लहान, त्याने लांबच्या एका प्रवासाच्या भीतीने ही मोटार नाकारू नये. आणि ज्याची रोजची वाटच लांब व निर्जन, त्याच्या अडचणीस शहरवासीयाने हसू नये. आपल्या सभासद बंधूंनीही मत बनविण्यापूर्वी आपली गाडी रोज किती धावते, कोठे थांबते व किती ओझे वाहते, याची एक महिना वहीत नोंद ठेवावी. ऐकीव गोष्टींपेक्षा तो हिशेब अधिक खरे बोलेल.