हात उठण्याआधी अंग बोलतं

बालवाडीत चार वर्षांच्या एका मुलाचा ठोकळ्यांचा मनोरा शेजारणीच्या फ्रॉकचा घेर लागून कोसळला आणि त्याने तिला ढकललं. ढकलणं सगळ्यांनी पाहिलं. मी समोरच सतरंजीवर बसले होते, म्हणून त्याच्या आधीचा क्षणही दिसला. श्वास अडकला, कान लाल झाले, पायाची बोटं सतरंजीत रुतली, आणि मग हात गेला.

राग किंवा भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. याला लगाम घालणारा कपाळामागचा मेंदू पुरता पिकायला विशी उलटून जाते. चार वर्षांच्या पोराला कळतं, पण आवरत नाही.

काय करावे

• आधी पोट आणि झोप बघा. 3 ते 5 वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. थकलेलं मूल पेंगतंच असं नाही. पुष्कळदा ते सोफ्यावरून उड्या मारतं आणि आपण त्याला मस्ती म्हणतो.

• अंगातल्या खुणांना शब्द द्या. ‘छातीत धडधडतंय ना? हात ठेवून बघू या.’ धडधड ओळखता आली की पुढे कधीतरी ती सांगताही येते.

• फुंकर शिकवा. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते. पण ‘दीर्घ श्वास घे’ हे लहानग्याला समजत नाही. गरम वरणभातावरची फुंकर समजते, साबणाचे फुगे समजतात. सराव मात्र मूल खुशीत असताना घ्या. ऐन रडारडीत नवं काही शिकता येत नाही.

• ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस…’ रोज खेळा. म्हशीला बोट उचलायचं नाही, म्हणजे उठू पाहणारं बोट जागीच धरायचं. थांबण्याचा इतका चांगला सराव मला दुसऱ्या कशात दिसलेला नाही. स्टॅच्यूही चालेल.

• दिलेला शब्द पाळा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी पालकसभेत नेहमी सांगते. चित्रं काढायला छान सामान आणते म्हणून मुलांना सांगितलं. काही मुलांना ते आणून दिलं, काहींना दिलं नाही. मग सगळ्यांपुढे एकेक गोड मार्शमॅलो ठेवला आणि थांबलात तर दुसरा मिळेल असं सांगितलं. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवली गेलेली जेमतेम 3. ज्याला आपण उतावीळ म्हणतो, त्याचा कदाचित आपल्यावरचा विश्वास उडालेला असतो.

काय टाळावे

• धपाटा. आधीच घाबरलेल्या अंगाला त्याने आणखी धोका दिसतो.

• ‘आधी सॉरी म्हण!’ धडधड उतरू द्या. ज्याला लागलं त्याला आपण जवळ घ्यावं. माफी दहा मिनिटांनी मागितली तरी चालते.

• लांबलचक समजावणी. खाली बसा, डोळ्यांच्या पातळीवर या आणि चारच शब्द बोला: ‘मारायचं नाही. मी आहे.’

• पाहुण्यांसमोर ‘आमचं फार द्वाड आहे’. मुलं ऐकत असतात.

• साखरेवर खापर. 1995 साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा साखरेने मुलं बेफाम होतात असं दिसलं नाही. दातांसाठी गोड जरूर कमी करा.

• प्रत्येक रडण्यावर मोबाइल. मूल गप्प होतं, पण स्वतःला शांत करायला शिकत नाही.

• घरच्या घरी निदान. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर नाकामागची अ‍ॅडेनॉइड ग्रंथी डॉक्टरांना दाखवून घ्या. मोडलेली झोप दिवसभर चिडचिडीतून बाहेर पडते. रडता रडता श्वास कोंडून निळं पडत असेल तर डॉक्टरांकडे न्याच आणि लोह तपासायचं का, तेही विचारा. लोह कमी पडलं की रक्तक्षय होऊ शकतो आणि मूल चिडचिडं होऊ शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 6 ते 59 महिन्यांच्या शंभरातल्या 67 मुलांना रक्तक्षय आढळला होता. ‘हट्टी आहे’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या मुलाची खालची पापणी मी आता आधी ओढून बघते, आणि ती फिकी दिसली तर पालकांना दवाखान्यात पाठवते.