मीटरचा काटा खोटे बोलू लागला तर...
(गाडी व ट्रॅक्टरच्या मीटर-सेन्सर वायरिंगची तपासणी)



पनवेल तालुक्यातील भाजीपाला वाशीच्या बाजार समितीत पोचवायचा असो की भाताची मळणी उरकायची असो, आज गाडी आणि ट्रॅक्टरवाचून आपले पान हलत नाही. इंजिनला ताप आला आहे का, तेलाचा दाब पुरेसा आहे का, टाकीत इंधन किती आहे, हे आपल्याला डॅशबोर्डवरील काटे व दिवे सांगतात. मात्र हे काटेच चुकीचे दाखवू लागले तर काय होते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

एका पावसाळ्यानंतर माझ्या जुन्या डिझेल गाडीचा तापमानाचा काटा कायम खालीच राहू लागला. इंजिन थंड राहते आहे, असे समजून मी निर्धास्त होतो. एके दिवशी खांदा कॉलनीत शिरताना बॉनेटमधून वाफ निघाली. पाण्याचा होज फुटून रेडिएटर रिकामा झाला होता आणि हेड गॅस्केट गेले होते. काटा मात्र तेव्हाही खालीच होता. सेन्सरवरील वायरचे थिंबल गंजून तुटलेले होते. थिंबल काही रुपयांचे, दुरुस्ती काही हजारांची!

म्हणून पहिला धडा असा, की काटा वर गेला तरच काळजी करावी असे नाही. काटा नेहमीपेक्षा खाली राहिला, तरीही तपासणी करावी.

काटा कसा चालतो?

तापमानाचा सेन्सर म्हणजे उष्णतेनुसार बदलणारा विद्युत रोध होय. इंजिन तापते तसा बहुतेक सेन्सरचा रोध कमी होतो, जास्त प्रवाह वाहतो आणि काटा वर चढतो. यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. वायर तुटली तर प्रवाह थांबतो व काटा ‘थंड’ दाखवतो. वायरचे आवरण सोलून ती बॉडीला टेकली, तर काटा थेट ‘गरम’वर जातो. खोटा इशारा परवडतो, खोटी निश्चिंती परवडत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी संपल्यास सेन्सर कोरडा पडतो व तो चांगला असूनही काटा खाली येऊ शकतो. त्यामुळे सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहण्यास पर्याय नाही.

इंधनाच्या टाकीत तरंगता फ्लोट असतो. पातळीप्रमाणे तो रोध कमी-जास्त करतो. तेलाच्या दिव्याला मात्र साधा स्विच असतो. दाब नसताना तो दिवा पेटवतो, दाब आला की विझवतो.

कोकणात हा दोष अधिक का?

खाडीकाठच्या खार जमिनीत मीठ पिकाचे काय करते, हे आपण जाणतोच. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने त्यासाठी क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. वायरला मात्र अशी जात नाही! खारा दमट वारा व पावसाचे पाणी यांमुळे तांब्यावर हिरवा थर चढतो, अर्थिंगचे नटबोल्ट गंजतात. शिवाय पेंढ्याजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात.

तपासणीचा क्रम

पीक पिवळे पडले की नत्र कमी की मुळाशी पाणी साचले, हे पाहूनच आपण खत देतो. येथेही तसेच करावे. आधी सेन्सर बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

१) किती काटे बिघडले ते पाहावे. सगळे एकदम बंद पडले असतील तर फ्यूज, मीटरकडे येणारा पुरवठा किंवा सामाईक अर्थिंग तपासावे. एकच बिघडला असेल, तर त्याचीच वायर व सेन्सर पाहावा.

२) बॅटरी तपासावी. पूर्ण भारित बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत.

३) अर्थिंग तपासावे. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून स्टार्टर फिरवावा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी फरक ठीक; बराच जास्त असेल तर अर्थिंगची पट्टी सोडून घासून घट्ट बसवावी. हेडलाइट लावताच इंधनाचा काटा जागा सोडत असेल, तर हाच दोष समजावा.

४) तापमानाच्या एक-वायरी सेन्सरची वायर काढून चावी ‘ऑन’ करावी. काटा ‘थंड’वर यावा. तो वरच राहिला तर वायर कोठेतरी बॉडीला टेकली आहे. नंतर ती वायर बारा व्होल्टच्या लहान बल्बमधून क्षणभर बॉडीला टेकवावी. काटा चढला तर मीटर व वायर चांगली असून दोष सेन्सरचा आहे. काटा हलला नाही तर वायर तुटली आहे किंवा मीटर बिघडले आहे.

५) एक-वायरी सेन्सर आट्यांतूनच अर्थ घेतो. त्यामुळे नवीन सेन्सर बसवताना आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू नये.

६) चावी ‘ऑन’ केल्यावर तेलाचा दिवा पेटलाच पाहिजे व इंजिन सुरू होताच काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब, वायर वा स्विच दुरुस्त करावा. चालत्या इंजिनवर दिवा पेटला, तर वायरिंगचा दोष असेल असे म्हणत पुढे जाऊ नये. आधी इंजिन बंद करावे, मग डिपस्टिकने तेल पाहावे.

ही काळजी घ्यावी

नव्या गाड्यांत सेन्सर थेट संगणकाला जोडलेला असतो व त्याला बहुधा ५ व्होल्टचाच पुरवठा असतो. अशा वायरला बल्ब लावू नये; फक्त डिजिटल मल्टीमीटर वापरावा. पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या वायरींना हात लावू नये. इंधनाच्या टाकीजवळ ठिणगी पडेल असे काहीही करू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. वायर जोडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये. त्याने गाडी पेटू शकते.

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर एकेकदा सर्व जोड उघडून घासावेत, गंजलेली थिंबल बदलावीत आणि जोड घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. या कामाला अर्धा दिवस लागतो. ऐन मळणीत बंद पडलेले इंजिन मात्र सारा हंगाम घेऊन जाते. रोज गाडी सुरू करताना चावी फिरवून क्षणभर थांबा. दिवे पेटले का, काटे हलले का, एवढे पाहा आणि मगच निघा.