शेगडीचा वायू उतरला, मग विसर नंतर का पडू लागला?

प्रश्न : आमचं गाव जांबोटीकडे, पावसाचं. महिन्यापूर्वी आजोबा दारं-खिडक्या लावून, उशाशी कोळशाची शेगडी ठेवून झोपले आणि सकाळी बेशुद्ध सापडले. ऑक्सिजन दिल्यावर दोन दिवसांत चालते-बोलते घरी आले. आता मात्र घरच्यांची नावं विसरतात, पाय घासत चालतात, लघवीचंही भान नाही. हे वयामुळे की त्या वायूमुळे?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : म्हातारपण असं आठवड्याभरात येत नाही. संशय वायूवरच घ्यावा लागेल.

शेगडीतून निघणारा हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शुद्ध ऑक्सिजन दिला की रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. रक्त असं लवकर निवळतं, मेंदूचं तसं नाही. तिथल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन हळूहळू खराब होतं. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही हात घालते, असं दिसतं. म्हणून माणूस बरा होतो आणि 2 ते 40 दिवसांनी पुन्हा घसरतो.

कोरियात घरं कोळशाच्या विटांवर तापवत. तिथल्या 2,360 रुग्णांचा अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला. 65 जणांना हा उशिराचा त्रास झाला, तोही सरासरी 22 दिवसांनी. तुमच्या आजोबांचा हिशोब जुळतो, नाही का?

धोका कुणाला जास्त? वय अधिक असलेल्याला, बराच वेळ धुरात राहिलेल्याला, बेशुद्ध पडलेल्याला. अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर वयाची रेघ 36 वर्षांवरच पडली! रक्तातल्या वायूच्या आकड्यावरून मात्र पुढचं भाकीत होत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तो उतरलेलाच असतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तर मुळीच विसंबू नये. वायूने भरलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं आणि तो खुशाल 98 दाखवतो.

पहिल्या 24 तासांत उच्चदाबाच्या कक्षात ऑक्सिजन दिल्याने सहा आठवड्यांनंतरच्या बौद्धिक तक्रारी 46 वरून 25 टक्क्यांवर आल्याचं 2002 च्या एका चाचणीत दिसलं; सगळ्या चाचण्यांचं त्यावर एकमत नाही. तुमच्याकडे ती वेळ टळली आहे. तरी हातपाय गाळू नका : कोरियातल्या ज्या रुग्णांवर पुढे लक्ष ठेवता आलं, त्यांतले तीन चतुर्थांश वर्षभरात सावरले.

आजोबांना लगेच बेळगावला न्यूरोलॉजिस्टकडे न्या. बहुधा एमआरआय सांगतील. महिन्यापूर्वीची शेगडी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा, जुना डिस्चार्ज कागदही दाखवा. नाहीतर तपासणी स्मृतिभ्रंशाच्या वाटेने जाईल.