थंडी लवणात का साचते?



उंचावर गेले की थंडी वाढते, असे आपण भूगोलात शिकलो आहोत. ते खरेही आहे. साधारणपणे १ किलोमीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पण मागच्या पौषात मला याच्या अगदी उलटे पाहायला मिळाले.

आमचे शेत टेकडीला लागून आहे. अर्धे उतारावर आणि अर्धे खाली लवणात, नाल्याकाठी. हरभऱ्यात रोही व रानडुकरे शिरतात म्हणून मी आबाजींबरोबर जागलीला गेलो. लवणात वारा नव्हता, म्हणून मी तिथेच गोधडी अंथरू लागलो. आबाजी म्हणाले, "तिथं नोको झोपू बापू. थंडी लवणात पाण्यावानी साचते. वर माळ्यावर चाल."

मी म्हणालो, "काहून आबाजी? वर तर जास्त थंडी पाहिजे!"

आबाजी नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. त्यांनी विज्ञान पेटीतला तापमापक दिला आणि सांगितले, "दोन्ही ठिकाणी पाच-पाच मिनिटे धर. जे दिसेल तेच लिही."

त्या रात्री आकाश निरभ्र होते, वारा पडला होता. अंधार पडल्यावर मी उतारावर उदबत्ती लावली. धूर सरळ वर न जाता हळूहळू नाल्याकडे वाकला. पहाटे पाच वाजता माळ्याजवळ पारा ११ अंशांवर होता आणि लवणात ८ अंशांवर! लवणातली पाने दवाने चिंब भिजली होती, वरची जेमतेम ओली होती.

गुरुजींनी कारण समजावले ते असे. दिवसा जमीन तापते. सूर्य मावळला की ती आपली उष्णता आकाशाकडे सोडते व भराभर गार होते. तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. म्हणून ती उतारावरून पाण्यासारखी खाली घसरते आणि खोलगट जागी साचते. वर त्यामानाने उबदार हवा राहते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. रात्री डोंगरावरून खाली येणाऱ्या वाऱ्यांना पर्वतीय वारे म्हणतात. दिवसा उतार तापतो, हवा हलकी होऊन वर चढते. ते दरी वारे.

चार दिवसांनी आभाळ आले. त्या रात्री दोन्ही ठिकाणचा पारा जवळजवळ सारखाच होता. ढग जमिनीची उष्णता अडवतात, जणू गोधडीच. वाळवंटात ढगही नसतात आणि हवेत बाष्पही फार थोडे असते. म्हणून दिवसा पाय भाजणारी वाळू रात्री लवकर गार पडते. राजस्थानात अरवलीसारख्या डोंगरांच्या उतारावरूनही रात्री गार हवा अशीच खाली उतरते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण महाबळेश्वरचे. तिथे काही हिवाळ्यांत वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळा भागात दव गोठून पांढरे होते. गाव तलावापेक्षा उंच आहे, तरी गावात त्या पहाटे थंडी कमी असते!

आता हे सारे मी का लिहिले ते सांगतो. मागच्या वर्षी आमच्या लवणातल्या हरभऱ्याचा फुलोरा गळाला. बाबा म्हणाले, बियाणे खराब निघाले. आई म्हणाली, फवारणी चुकली. घरात बोलाचाली झाली. पण एकाच पिशवीतले बियाणे, एकाच दिवशी पेरलेले, उतारावर मात्र घाट्यांनी लगडले होते. मी माझी वही दाखवली. फुलोऱ्यात रात्री फार गार पडल्या तर हरभऱ्याची फुले घाटे न धरताच गळतात, असे गुरुजींनी सांगितले होते. बाबांनी दोनदा वाचले आणि गप्प राहिले.

यंदा त्यांनी हरभरा उतारावर पेरला आणि लवणात गहू. गव्हाला थंडी मानवते, आणि नाल्याकाठी पाणीही जवळ. शेजारच्या काकांचा हरभरा लवणातच आहे. कडाक्याची थंडी येणार असे कळले की ते संध्याकाळी हलके पाणी देतात. ओली जमीन उष्णता जास्त साठवते व रात्री हळूहळू सोडते.

वासरू, शेळ्या, म्हातारी माणसे यांनाही लवणातली थंडी बाधते. म्हणून गोठा व जागलीचा माळा थोडा उंचावर असावा.

करून पहा : निरभ्र रात्री मोठ्या माणसाला सोबत घेऊन उतारावर उदबत्ती लावा. धूर कोणीकडे जातो ते वहीत लिहा. सकाळी ऊन तापल्यावर तिथेच पुन्हा लावा. दोन्ही वेळची दिशा सारखी येते का?

आबाजी शाळेत गेले नाहीत. पण "पाण्यावानी साचते" हे त्यांचे वाक्य माझ्या तापमापकाने खरे ठरवले.